एका धातूचे इटालियन कुळ

१

शब्दाचा अर्थ त्याच्या धातूत शोधावयाचा की त्याच्या वापरात, हा वाद भारतीय विचाराला नवा नाही. यास्काच्या 'निरुक्ता'त तो फार जुन्या काळी मांडला गेला आहे. सर्व नामे धातूंपासून निघाली, असे शाकटायनाचे मत. सर्वच नामे तशी नाहीत, असे गार्ग्याचे. गार्ग्याचा आक्षेप मार्मिक होता. वाट व्यापतो म्हणून घोड्याला 'अश्व' म्हणावयाचे, तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकालाच 'अश्व' का म्हणू नये? यास्काने ह्याला दिलेले उत्तर लोकव्यवहाराचे आहे. लाकूड तासणारे पुष्कळ असतात, परंतु 'तक्षा' हे नाव सुतारालाच मिळते. भटकणारे पुष्कळ असतात, परंतु 'परिव्राजक' म्हणवून घेतो तो संन्यासीच. धातू नाव सुचवितो. ते कोणाला लागावयाचे हे बोलणारा समाज ठरवितो.

ह्या निवाड्याचा विसर साहित्यसमीक्षेला वारंवार पडतो. 'साहित्य' ह्या शब्दात 'सहित' आहे, म्हणून साहित्याने माणसे जोडलीच पाहिजेत. 'कवि' ह्या शब्दाचा जुना अर्थ द्रष्टा, म्हणून प्रत्येक कवी द्रष्टा असलाच पाहिजे, अशा धर्तीची विधाने भारतीय भाषांतील व्याख्यानांत आणि प्रस्तावनांत आढळतात. त्यांत कर्तव्याचा उपदेश असतो, क्वचित काव्यही असते. पण पुरावा नसतो. व्युत्पत्ती हा अर्थाचा इतिहास आहे. तो अर्थाचा कायदा आहे असे मानले की समीक्षा कोशाची बटीक होते आणि अनुवाद अडखळू लागतो.

ह्या प्रश्नाकडे परक्या भाषेतून पाहणे सोयीचे आहे, कारण तेथे स्वभाषेचा अभिमान आड येत नाही. इटालियन ही त्या दृष्टीने विशेष उपयुक्त भाषा आहे. लॅटिनची ती थेट लेक. ग्रीक शब्द तिच्याकडे काही चर्चच्या लॅटिनमधून, काही लोकांच्या तोंडून आणि काही विद्वानांच्या लेखणीतून, अशा निरनिराळ्या वाटांनी आले. भारताशीही ह्या विषयाचा एक जुना धागा आहे. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी सोळाव्या शतकात कोचीन येथे आला आणि १५८८ मध्ये गोव्यात वारला. संस्कृत आणि इटालियन ह्या भाषांतील देव, सर्प आणि सहा, सात, आठ, नऊ ह्यांसाठी असलेले शब्द एकमेकांशी जुळतात, ही गोष्ट त्याने आपल्या पत्रांत टिपून ठेवली. पुढे तुलनात्मक भाषाशास्त्राने ज्या नात्याला शास्त्राचे रूप दिले, त्याची ही पहिल्या काही नोंदींपैकी एक होय. सास्सेत्तीने पाहिलेले नाते रक्ताचे होते. येथे ज्याचा विचार करावयाचा आहे ते उसनवारीचे आहे. दोहोंत फरक आहे, पण दोन्ही ठिकाणी मोह एकच: शब्द जुळले की अर्थही जुळले असे समजण्याचा.

२

ग्रीक भाषेत 'बाल्लेइन' म्हणजे फेकणे, टाकणे. हे क्रियापद स्वतः इटालियनमध्ये आले नाही. त्याला निरनिराळे उपसर्ग लागून झालेली नामे आली, आणि ती इतक्या दूरदूरच्या प्रांतांत जाऊन वसली की त्यांचे कुळ एक आहे हे सांगितल्यावाचून कळत नाही.

'पारा' म्हणजे शेजारी. शेजारी टाकणे, एकाजवळ दुसरे ठेवणे, ह्यावरून 'पाराबोले' म्हणजे तुलना. ॲरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्रात हा शब्द दाखल्याच्या एका प्रकाराला आहे. हिब्रू बायबलचे ग्रीक भाषांतर होताना 'माशाल' ह्या हिब्रू शब्दासाठी तोच योजला गेला. 'माशाल'मध्ये म्हण, कोडे, नीतिवचन हे सगळे येत असल्यामुळे ग्रीक शब्दाचा अर्थही तेवढा पसरला. ख्रिस्ताने सांगितलेल्या दृष्टान्तकथांना हेच नाव मिळाले. लॅटिनमध्ये 'पाराबोला' होऊन तो लोकांच्या तोंडी गेला. तेथे मधले व्यंजन झिजले आणि इटालियनमध्ये 'पारोला' झाला. 'पारोला' म्हणजे शब्द. दृष्टान्तासाठी असलेला शब्दच 'शब्दा'चे नाव झाला. 'पाराबोलारे'पासून 'पार्लारे' म्हणजे बोलणे. फ्रेंचमधील 'पारोल' आणि 'पार्ले', स्पॅनिशमधील 'पालाब्रा', पोर्तुगीजमधील 'पालाव्रा' ही सारी त्याचीच भावंडे. मराठी वृत्तपत्रांत रुळलेला 'पार्लमेंट' हा इंग्रजी शब्द फ्रेंच 'पार्ले'वरून आलेला असल्यामुळे तोही ह्याच घरचा आहे.

'पारोला'बरोबर 'पाराबोला'ही इटालियनमध्ये आहेच. दृष्टान्तकथा ह्या अर्थी तो विद्वानांनी अखंड ठेवला. एकच शब्द एकदा जनतेच्या हातून झिजून आणि एकदा ग्रंथातून सबंध, असा दोनदा येतो. मराठी वाचकाला ह्यात नवल वाटू नये. संस्कृत 'भक्त' हा शब्द झिजून 'भात' झाला आणि न झिजता 'भक्त' राहिला. ताटातले अन्न आणि देवळातला माणूस ह्यांचे नाव मूळचे एकच आहे, हे जेवताना कोणाच्या मनात येत नाही.

'दिआ' म्हणजे आरपार, आडवे. 'दिआबाल्लेइन' ह्याचा व्यवहारातील अर्थ एखाद्यावर आळ घेणे. 'दिआबोलोस' म्हणजे चहाडखोर, निंदक. हिब्रूतील 'सातान', म्हणजे विरोधी पक्ष, ह्या शब्दासाठी ग्रीक भाषांतरकारांनी तो वापरला आणि इटालियनमध्ये तो 'दिआवोलो' झाला. 'स्युन्' म्हणजे एकत्र. 'सिम्बोलोन' ही मूळची एक खूण होती. दोन स्नेही एखादी वस्तू मोडून अर्धी अर्धी घेत. पुढे कधी ते किंवा त्यांची मुले भेटली तर दोन तुकडे जुळवून ओळख पटे. प्लेटोच्या 'सिम्पोसिअम'मध्ये ॲरिस्टोफेनीसच्या भाषणात प्रत्येक मनुष्याला माणसाचा असाच एक अर्धा तुकडा म्हटले आहे. इटालियनमध्ये 'सिंबोलो' म्हणजे प्रतीक. चर्चच्या भाषेत श्रद्धावचनालाही तेच नाव आहे.

'प्रो' म्हणजे पुढे. 'प्रोब्लेमा' म्हणजे पुढे टाकलेले. ग्रीकमध्ये समुद्रात घुसलेला सुळका, संरक्षणाची ढाल आणि विचारासाठी पुढे ठेवलेला प्रश्न हे सर्व त्यात येत. इटालियनमध्ये प्रश्न तेवढा उरला. 'एन' म्हणजे आत. 'एम्ब्लेमा' म्हणजे आत बसविलेले नक्षीकाम. मिलानचा कायदेपंडित आंद्रेआ आल्चातो ह्याचे 'एम्ब्लेमातुम लिबेर' १५३१ मध्ये आउग्सबुर्ग येथे छापले गेले आणि चित्र, बोधवाक्य व कविता ह्यांचा एक नवा वाङ्मयप्रकारच युरोपभर ह्या नावाने पसरला. 'ह्युपेर' म्हणजे पलीकडे. 'इपेर्बोले' म्हणजे अतिशयोक्ती. 'मेता' म्हणजे बदल; 'मेताबोलिझ्मो' म्हणजे शरीरातील चयापचय. थाळी फेकणारा 'दिस्कोबोलो' आणि बाण सोडणारे 'बालेस्त्रा' हे यंत्रधनुष्य ह्यांच्यात मात्र मूळ क्रिया अजून डोळ्यांना दिसते.

कुळ असे मोठे आहे. आता प्रश्न असा की वाचणाऱ्याला आणि अनुवाद करणाऱ्याला ह्या माहितीचे मोल काय?

३

पहिले उत्तर उत्साही समीक्षकाचे असते. ज्या भाषेत 'शब्द' ह्याचेच मूळ नाव दृष्टान्त आहे, त्या भाषेत प्रत्येक शब्द हा एक दृष्टान्तच नव्हे काय, असे तो विचारतो. 'सिंबोलो' जोडतो आणि 'दिआवोलो' तोडतो, म्हणून काव्य हे प्रतीकाचे आणि पाप हे विच्छेदाचे, अशी मांडणी युरोपातील धर्मोपदेशकांना आणि निबंधकारांना फार प्रिय आहे. वाक्य डौलदार आहे. पण इतिहास त्याला तितकासा साथ देत नाही. 'दिआबोलोस'चा ग्रीकांना परिचित असलेला अर्थ तोडणारा असा नसून आळ घेणारा असा आहे. उपसर्गांची सममिती ही मागाहून पाहणाऱ्याच्या डोळ्यांतील आहे.

'पारोला'ची गोष्टही तशीच. लॅटिनमध्ये शब्दासाठी 'वेर्बुम' होता. योहानाच्या शुभवर्तमानातील शब्दब्रह्मासाठी तो योजला गेल्यामुळे रोजच्या बोलण्यातून बाजूला सरला, असे सामान्यतः मानले जाते. इटालियनमध्ये 'वेर्बो' आज क्रियापदाला आणि त्या पवित्र शब्दालाच उरला आहे. म्हणजे 'पारोला' आला तो प्रत्येक शब्दात दृष्टान्त दिसल्यामुळे नव्हे; एक जागा रिकामी झाली आणि प्रवचनांतून कानांवर पडणारा एक शब्द तेथे येऊन बसला. बाजारात भाव विचारणाऱ्या इटालियन बाईच्या तोंडी 'पारोला' असतो तेव्हा तेथे दृष्टान्त नसतो आणि फेकणेही नसते.

जांबात्तिस्ता व्हिको ह्या नेपल्सच्या तत्त्वज्ञाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. १७१० मध्ये त्याने प्राचीन इटालियनांचे तत्त्वज्ञान लॅटिन शब्दांच्या मुळांतून खणून काढण्याचा प्रयत्न केला. जुन्या शब्दांत ऋषितुल्य पूर्वजांनी सिद्धान्त लपवून ठेवले आहेत अशी त्यामागची धारणा होती. १७२५ मध्ये प्रथम निघालेल्या आणि १७४४ मध्ये अंतिम रूप पावलेल्या 'नव्या शास्त्रा'त तो ह्या धारणेपासून दूर गेला. आदिम माणसांचे शहाणपण तत्त्वज्ञांचे नसून कवींचे होते. शब्दांत दडलेले असते ते शेतातले, रानातले, कुटुंबातले जगणे, हे त्याने ओळखले. व्युत्पत्तीवरील त्याचा विश्वास उडाला नाही, पण तिच्याकडे विचारावयाचा प्रश्न बदलला. शब्दाचे मूळ खरा अर्थ कोणता हे सांगत नाही; माणसे कोठून निघाली हे सांगते. हा फरक समीक्षकाने पक्का धरला पाहिजे.

ध्वनिसाम्याचा मोह तर ह्याहून धोक्याचा. इटालियनमध्ये चेंडूला 'पाल्ला' म्हणतात. चेंडू फेकावयाचाच असतो. 'बाल्लेइन'शी आवाजही जुळतो. पण 'पाल्ला' हा लोंबार्डांच्या जर्मानिक बोलीतून आलेला शब्द असून त्याचा ह्या कुळाशी काही संबंध नाही. जो दिसताच आपला वाटावा तो परका, आणि 'मेताबोलिझ्मो'सारखा जो परका वाटावा तो सख्खा, असा हा प्रकार आहे.

४

तथापि मुळाला साहित्यात काहीच स्थान नाही असे म्हणणे हे दुसरे टोक होईल. दान्तेच्या 'इन्फेर्नो'मधील तेविसाव्या सर्गाचे उदाहरण घ्यावे. एकविसाव्या सर्गात मालाकोदा नावाचा दिआवोलो व्हर्जिलला वाट सांगतो. पुढचा पूल कोसळला आहे, हे तो खरे सांगतो. तो केव्हा कोसळला ह्याचा हिशेबही अचूक देतो. परंतु जवळच दुसरा पूल शाबूत आहे, हे मात्र खोटे सांगतो. दोन सर्गांनंतर, शिशाचे सोनेरी झगे घातलेल्या दांभिकांच्या मेळ्यात, बोलोन्याचा काटालानो हा मठवासी खरी स्थिती उघड करतो आणि दिआवोलोचे पुष्कळ दुर्गुण, त्यांत तो खोटारडा व असत्याचा बाप असल्याचेही, आपण बोलोन्यात ऐकले होते, असे सांगतो. व्हर्जिल रागाने लांब पावले टाकीत निघून जातो.

दान्तेला ग्रीक येत नव्हते. सातव्या शतकातील सेव्हिल्यच्या इसिदोरच्या व्युत्पत्तिग्रंथात 'दिआबोलुस' म्हणजे ग्रीकांच्या भाषेत आरोप करणारा, असे दिलेले आहे आणि मध्ययुगीन लॅटिन वाचकाला ते उपलब्ध होते. काटालानोच्या तोंडचे वचन मात्र योहानाच्या शुभवर्तमानावरून आलेले आहे. दान्तेच्या मनात शब्दाचे मूळ होते की नव्हते, ह्याचा निर्णय लागण्याची गरजच पडत नाही, कारण मुळातला अर्थ कवितेने स्वतःच्या कथानकातून पुन्हा घडविला आहे. मालाकोदाचे बोलणे हे चहाडखोराचे बोलणे आहे. खऱ्यात मिसळलेले खोटे हीच आळ घेणाऱ्याची रीत. येथे व्युत्पत्ती सांगणारा समीक्षक कवितेवर काही लादत नाही. कविता जे करीत आहे त्याचे नाव तो घेतो.

अनुवादकाच्या दृष्टीने ह्यातून निघणारा निष्कर्ष काहीसा अनपेक्षित आहे. मराठीत येथे 'सैतान' येईल. तो शब्द सेमिटिक आहे, विरोधकाचा आहे. चहाडीची आठवण त्यात नाही. गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या भाषेतील 'देवचार' घेतला तरी तीच स्थिती. हिंदी बायबलमध्ये 'दिआबोलोस'साठी 'इब्लीस' आहे. अरबी कोशकार तो निराशेच्या धातूशी जोडतात, तर अनेक पाश्चात्त्य अभ्यासक त्याचे मूळ 'दिआबोलोस'मध्येच पाहतात. परंतु ह्यांपैकी कोणताही शब्द घेतला तरी दान्तेच्या प्रसंगाचे काही बिघडत नाही. खोटे हे पुलात आहे, वाटेत आहे, व्हर्जिलच्या रागात आहे. कवितेने जे घटनेतून सिद्ध केले त्यासाठी अनुवादकाला शब्दाच्या मुळावर विसंबावे लागत नाही.

ह्याच्या उलट उदाहरण गॅलिलिओचे. १६३८ मध्ये लायडन येथे छापलेल्या 'दोन नव्या शास्त्रां'वरील संवादांच्या चौथ्या दिवशी, फेकलेल्या वस्तूचा मार्ग 'पाराबोला' असतो, हे त्याने सिद्ध केले. फेकण्याच्या धातूपासून झालेला शब्द फेकलेल्या वस्तूच्याच वाटेचे नाव ठरावा, हा योग पाहून कोणाही भाषाप्रेमी माणसाला आनंद व्हावा. परंतु तो निव्वळ योगायोग आहे. ह्या वक्राला ते नाव पेर्गाच्या अपोलोनिअसने गॅलिलिओच्या अठरा शतके आधी दिले, आणि ते एका क्षेत्रफळाला दुसरे तंतोतंत लागू करण्याच्या भूमितीय क्रियेवरून दिले. क्षेत्र वाढले की 'ह्युपेरबोले', उणे पडले की 'एल्लेइप्सिस'. गॅलिलिओच्या मजकुरात ह्या योगायोगाची जाग कोठेही येत नाही. त्यावर अर्थ उभारणारा समीक्षक गॅलिलिओचे विवरण करीत नाही, तो स्वतःची कविता लिहितो. तिला मज्जाव नाही. तिला विवरण म्हणू नये एवढेच.

इटालियन वाचकापुरती एक गोष्ट मात्र खरी आहे. त्याच्या भाषेत 'पाराबोला' हा एकच शब्द दृष्टान्तकथा आणि वक्र दोन्ही सांगतो. 'इपेर्बोले' हा अतिशयोक्ती आणि वक्र दोन्ही सांगतो. एखाद्या आयुष्याच्या चढउताराला इटालियन लेखक 'पाराबोला' म्हणतो तेव्हा वक्र समोर असतो आणि कथा फार दूर नसते. हे मूळ नव्हे. हा आजचा, जिवंत अनेकार्थ आहे. समीक्षकाने विचारात घ्यावयाचा तो हाच.

५

ह्या भेदाला इटालियन साहित्यविचारात आधार आहे. जाकोमो लेओपार्दीने आपल्या 'झिबाल्दोने' ह्या विशाल टिपणवहीत १८२० मध्ये 'पारोले' आणि 'तेर्मिनी', म्हणजे शब्द आणि संज्ञा, ह्यांत फरक केला आहे. बेक्कारियाच्या शैलीविषयक विचाराचा आधार घेऊन तो दाखवितो की शब्द वस्तूच्या कल्पनेबरोबर इतर प्रतिमाही जागवितो. संज्ञा वस्तू तेवढी नेमकी दाखविते. ग्रीकवरून घडविलेल्या आणि सर्व युरोपात समान असलेल्या शास्त्रीय शब्दांविषयीही त्याने विचार केला आहे. त्यांची उपयुक्तता तो नाकारीत नाही; काव्याचे काम त्यांच्याने होईल असे मात्र मानीत नाही.

ह्या भेदाने 'बाल्लेइन'चे कुळ पाहिले की त्याचे दोन पक्ष पडतात. 'पारोला', 'दिआवोलो' हे लोकांच्या तोंडी झिजलेले, प्रतिमांनी भरलेले शब्द. 'मेताबोलिझ्मो', 'एंबोलो' ह्या संज्ञा. 'प्रोब्लेमा' मध्ये उभा आहे: त्याची प्रतिमा गेली, पण व्याकरणात एक खूण राहिली. इटालियनमध्ये 'आ'कारान्त नामे बहुधा स्त्रीलिंगी असतात. 'प्रोब्लेमा' आणि 'एंब्लेमा' पुल्लिंगी आहेत, कारण ग्रीकमध्ये ती नपुंसकलिंगी होती. मूळ विसरले तरी लिंग विसरले नाही. जो शब्द जितका झिजला तितका तो आपला झाला आणि काव्याला उपयोगी पडला. ज्याचे ग्रीक मूळ स्पष्ट दिसते तो काव्यापासून दूर राहिला. मूळ ठळक दिसणे आणि शब्द समृद्ध असणे ह्या एक नव्हेत, बहुधा उलट दिशेच्या गोष्टी आहेत. पारिभाषिक शब्दांची निर्मिती आणि साहित्यभाषेची घडण ह्यांत गल्लत करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

६

आता दृष्टी भारताकडे वळविली तर ह्या कुळाचे एक आश्चर्यकारक प्रतिबिंब संस्कृतात दिसते. 'अस्' (अस्यति) हा धातू, अर्थ फेकणे. ग्रीक धातूशी त्याचे ध्वनीचे वा रक्ताचे नाते नाही; रचना मात्र तीच. 'अस्त्र' हे फेकावयाचे, हे उघड आहे. पण न्यास, विन्यास, संन्यास, अभ्यास, उपन्यास, विपर्यास, निरास, समास, व्यास, वेदान्तातील अध्यास आणि कवितेतील अनुप्रास हे सर्व त्याच धातूचे पुत्र आहेत. मराठी गणितात 'पाराबोला'ला 'अन्वस्त' आणि 'इपेर्बोले'ला 'अपास्त' म्हणतात. ह्या रूपांतही तोच धातू दिसतो.

उपसर्गांची जुळणी करून पाहावी. 'सम्' अधिक 'अस्' म्हणजे एकत्र टाकणे: समास. ग्रीकमध्ये नेमक्या ह्याच घडणीतून 'सिम्बोलोन' झाला. 'वि' अधिक 'अस्' म्हणजे अलग, दूरदूर टाकणे: व्यास. ह्याला ग्रीकमधील सर्वांत जवळची रचना 'दिआबोलोस'ची. एका घडणीतून एका संस्कृतीत वेदांची व्यवस्था लावणारा पूज्य ऋषी आणि वर्तुळाला छेदणारी रेघ निघाली. दुसरीत असत्याचा बाप निघाला. धातू आणि उपसर्ग ह्यांवरून अर्थ ठरत असता, तर महाभारताचा कर्ता आणि दान्तेचा मालाकोदा एकाच पंक्तीला बसले असते. गार्ग्याच्या आक्षेपाला ह्याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

आणि उलट पाहावे. 'सिंबोलो'साठी मराठीत 'प्रतीक' रूढ आहे. त्याच्या घडणीत फेकणे नाही, एकत्र आणणे नाही. परंतु अमरकोशात 'प्रतीक' हा अवयवाचा, म्हणजे सबंधाच्या एका भागाचा, पर्याय दिलेला आहे. मोडलेल्या वस्तूचा अर्धा तुकडा आणि देहाचा अवयव: मुळे निराळी, पण अंशावरून पूर्णाची ओळख पटविण्याची कल्पना एकच. समान मुळापासून परके अर्थ आणि परक्या मुळांपासून समान अर्थ, दोन्ही घडते. अनुवादकाचे भाग्य दुसऱ्या प्रकारात असते. पहिल्यात त्याचा घात असतो.

७

हा घात भारतीय भाषांच्या आपसांतील अनुवादात अधिक होतो, कारण तेथे शब्द ओळखीचा चेहरा घेऊन येतो. ह्याच 'अस्' कुळातील 'अभ्यास' घ्या. मराठीत तो अध्ययन, हिंदीत सराव, बंगालीत सवय. बंगाली कादंबरीत एखाद्याची सवय म्हणून आलेला 'अभ्यास' मराठीत तसाच उतरला, तर न कळत घडणाऱ्या गोष्टीच्या जागी जाणीवपूर्वक केलेली गोष्ट येते आणि पात्राचा स्वभावच पालटतो. 'उपन्यास' हिंदीत आणि बंगालीत कादंबरी. कन्नड आणि तेलुगूत व्याख्यान. मराठी आणि कन्नड ह्या शेजाऱ्यांनी कादंबरीला 'कादंबरी'च म्हटले, म्हणजे बाणभट्टाच्या एका नायिकेचे नाव एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला दिले. ह्यांपैकी कोणत्याही भाषेने चूक केलेली नाही. प्रत्येकीने त्याच धातूतून आपल्या गरजेचे घेतले.

संस्कृत शब्दसंपत्ती समान असल्यामुळे भारतीय भाषांतील परस्पर अनुवाद सोपा आहे, असे राष्ट्रीय व्यासपीठांवरून अनेकदा म्हटले गेले आहे. एकतेच्या आकांक्षेतून ते निघालेले असल्यामुळे त्याचा उपहास करण्याचे कारण नाही. पण ती समानता कोशाची आहे, वाक्याची नव्हे. मराठीतील 'शिक्षा' आणि हिंदीतील 'शिक्षा' ह्यांत शाळा आणि तुरुंग ह्यांच्याएवढे अंतर आहे, हे सर्वांना ठाऊक असते. तेथे अनुवादक सहसा फसत नाही, कारण अंतर मोठे आहे. तो फसतो 'अभ्यास'सारख्या ठिकाणी, जेथे अंतर लहान आहे आणि वाक्य कसेबसे निभावून जाते. परकी भाषा अनुवादकाला सावध ठेवते. भगिनीभाषा त्याला गाफील करते.

मग व्युत्पत्तीचे काम काय? इटालियन उदाहरणांवरून तीन गोष्टी सांगता येतात. मूळ अर्थ साहित्यकृतीत स्वतःच्या बळावर जागा झाला असेल, जसा तो दान्तेच्या दिआवोलोत होतो, तर समीक्षकाने तो दाखवावा. अनुवादकाने मात्र तो कृतीच्या घटनेत शोधावा, शब्दाच्या कवचात नव्हे. मूळ केवळ नादातून जाणवत असेल, म्हणजे एखाद्या इटालियन कवीने 'पारोला' आणि 'पाराबोला' शेजारी ठेवून एकाच शब्दाची झिजलेली आणि अखंड अशी दोन रूपे एकमेकांसमोर उभी केली असतील, तर अनुवादकाने स्वभाषेत तसा जोड शोधावा. मराठी बायबलमध्ये ख्रिस्ताच्या दृष्टान्तांना 'दाखले' म्हटले आहे. 'शब्द' आणि 'दाखला' हे एकमेकांचा प्रतिध्वनी देत नाहीत, आणि ही हानी लपविण्यापेक्षा मान्य करणे बरे. आणि जेथे मूळ कृतीत कोठेच जागे होत नाही, तेथे ते कोशात झोपलेले राहू द्यावे.

ह्या तिसऱ्या गोष्टीला सर्वांत अधिक संयम लागतो, कारण ज्ञान हाती आले की ते वापरावेसे वाटते. परंतु भाषेची श्रीमंती तिच्या विस्मृतीतही असते. 'पारोला' उच्चारणाऱ्याला दर वेळी फेकणे आठवू लागले, 'भात' वाढणारीला दर वेळी 'भक्त' दिसू लागला, तर बोलणेच थांबेल. ग्रीक धातूने इटालियनला एक कुळ दिले. त्या कुळातील प्रत्येकाला स्वतःचे घर इटालियन माणसांनी दिले. अनुवादकाला जावयाचे असते ते घरी. वंशावळ त्याच्या जवळ असावी. पण दार ठोठावताना ती वाचून दाखवू नये.